एक ओळ सोडून

शाळेच्या ऑफिसात, लोखंडी कपाटाच्या वर,
काळा फलक आहे. आठ फूट बाय चार.
त्यावरची पहिली अकरा नावं अब्बांच्या हातची.
अब्बा निजामाच्या काळात उर्दू शिकलेले,
मराठी त्यांना वाचता येत नसे.
हेडमास्तर कागदावर लिहून देत
आणि ते अक्षरं चित्रासारखी काढत.
'ळ'ला ते कानातला झुमका म्हणायचे.
म्हणून अजूनही अख्ख्या जिंतुरात
सगळ्यात देखणा 'ळ' त्या फलकावरच आहे:
टेकाळे सुमन, १९८१.

नंतरची नावं माझी.
मी खाजा पेंटर. दहावीला गणितात पस्तीस.
एकतीस माझे, चार बोर्डाचे.
पस्तीसच्या शेजारी छोटी खूण होती ग्रेसची,
ती ब्लेडनं खरवडायला गेलो
आणि कागदाला भोक पडलं.
भोक अजून आहे.

दर साली निकाल लागला की फोन येतो,
"खाजा, ये. एक नाव आहे."
नावाचे दीडशे.
लांब आडनावाला मी जास्त मागत नाही.

यंदा दुधाटे सरांनी चिठ्ठी दिली,
पौळ समर्थ उद्धव, ९३.६०.
मी दोरी ताणून खडूची रेघ मारली,
पिवळा रंग टर्पेंटाइनमध्ये सैल केला,
आणि खिडकीशी क्लार्क ओरडला,
"सतरा नंबर फॉर्मवाल्यांचं रजिस्टर वेगळंय! इथं कर सही."
पोरीनं सही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून:
घनसावंत रेणुका भीमराव.
आठवी अर्धी टाकून कारखान्यावर गेलेली,
ऊसाच्या फडात, आईबापाच्या मागं मोळ्या बांधायला.
परीक्षा बाहेरून दिली.
क्लार्कनं आकडा वाचला.
परत वाचला.
मग चष्मा काढून वाचला.
९४.२०.

सरांचं काही चुकलं नाही, हे आधी सांगतो.
ठराव आहे संस्थेचा, १९७८चा,
कपाटातून काढून त्यांनी दाखवला मला:
शाळेचा नियमित विद्यार्थी,
पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण,
हजेरी किमान पंच्याहत्तर टक्के.
"हिची हजेरी मी कुठून आणू, खाजा?"
जणू मीच काही मागितलं होतं.
पोरगी म्हणाली, "मला झेरॉक्सवर सही-शिक्का पाहिजे सर,
अकरावीच्या फॉर्मला. बाकी काही नको."

तोवर समर्थ आला, नाव बघायला.
आजोळी फोटो पाठवायचा होता त्याला,
मोबाइल हातातच.
दारातच त्यानं सगळं ऐकलं.
मोबाइल खिशात घातला.
"काका," म्हणाला,
"माझं जरा खाली लिहिता का?"

मी ओल्या फडक्यानं रेघ पुसली,
एक ओळ सोडून दुसरी मारली.
'पौ' नीट आला.
'ळ'ला मात्र हात कापला, 
तीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि झुमका थोडा वाकडा लटकला.
राहू दिला.

सर चहा पिऊन आले.
"मधे जागा कामून सोडली रे?"
"फळीला ओल हाय तिथं सर. रंग धरायचा नाही."
पावसाचा पत्ता नाही, कपाटसुद्धा तापलेलं,
आणि म्हणे ओल!
सरांनी बोट लावून पाहिलं.
बोट कोरडंच.
बराच वेळ त्या बोटाकडं पाहत राहिले.
"हाय खरी," म्हणाले,
आणि ठराव कपाटात ठेवून
किल्ली खिशात टाकली.

पैसे दीडशेच दिले, मोजून.
मी कुंचले धुवायला हौदाकडं निघालो
तर व्हरांड्यात रेणुका उभी,
झेरॉक्स तळहातावर धरून,
ओल्या जांभळ्या शिक्क्यावर
फुंकर घालत.